मुसळाची मूठ

१२ ऑक्टोबर
भंगारातून ट्रकच्या कमानपाट्याचा हातभर तुकडा मिळाला. शंभरात जेमतेम अर्धा भाग कार्बन, पण सगळा खेळ तेवढ्यावरच. लोहारमामांना कागदावर काढलेला सुरा दाखवला : पातं ६ इंच, मूठ साडेचार. त्यांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा. “कोयताच करा की सर. सगळं तुटंल त्यानं.” म्हटलं, सॅकमध्ये मावायला हवा. शिवाय एसटीत कोयता घेऊन बसलं की शेजारचा सरकून बसतो. (शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, शेतीची, घरकामाची हत्यारं वगळून. ६ इंचांत झोप नीट लागते.)

१९ ऑक्टोबर
मामांच्या पालात भर दुपारीही अंधार. उन्हात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही, म्हणून तो मुद्दाम राखलेला. भाता कधीच गेला, आता हातानं फिरवायचा पंखा आहे. तो माझ्याकडे दिला. टोक काढून झाल्यावर त्यांनी पातं चक्क विळ्यासारखं धारेकडे वाकवलं. मी घाबरलो. मग धारेची बाजू ठोकायला घेतली. तिथलं पोलाद पातळ होतं तसं लांबतं आणि पातं पाठीकडे ओढतं. ठोकत ठोकत विळा आपोआप सरळ झाला, सांडशीतून काढून ऐरणीवर ठेवला तेव्हा कागदावरच्या रेघेशी जुळत होता. कागद मात्र कुणी पाहिला नव्हता.

२० ऑक्टोबर
पाणी देताना टण्‌ आवाज झाला. मुठीजवळ केसाएवढी चीर. कोयत्याच्या सवयीनं त्यांनी ते बादलीत बुडवलं होतं. कमानपाट्याला पाणी फार थंड पडतं. मामा काही बोलले नाहीत. पातं भंगारात टाकलं, बिडी ओढली. “उरलेला पाटा हाय ना?” होता.

२७ ऑक्टोबर
दुसरं पातं. या वेळी तेल, तेही कोमट केलेलं. मी खिशातून लोहचुंबक काढला : ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याहून थोडं वर गेलं की बुडवायचं. मामांनी माझ्या चुंबकाकडे न बघता “अजून थोडं” म्हटलं, आणि धुराचा लोट उठला. कानस फिरवली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. एवढं कडक पातं पडलं तर तुकडा उडेल, म्हणून घरी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास. घासलेल्या पाठीवर गव्हाळ रंग चढला. आईनं ओव्हन दोनदा पुसला आणि नानकटाई करायचा बेत सोडून दिला.

३ नोव्हेंबर
मुठीला शिसव शोधत होतो. माळ्यावर तडकलेलं खैराचं मुसळ सापडलं. पिढ्यान्‌पिढ्या कांडून एका जागी हाताएवढं बारीक झालेलं. खैर चिरताना करवत तापते, भुसा तांबडा पडतो. दोन फाळ्या, तीन पितळी खिळे, वर अळशीचं तेल.

१० नोव्हेंबर
म्यानासाठी चपला शिवणाऱ्या काकांकडे. त्यांनी बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं काढलं; क्रोमचं नको, त्यातल्या क्षारानं पातं गंजतं. कडेला शिवणीच्या आत कातड्याची आणखी एक पट्टी घातली, नाहीतर धारच टाके कापते. ओलं कातडं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सुऱ्यावर दाबून रात्रभर ठेवलं. “घरात मात्र म्यानाबाहेर ठेवा, कातडं ओल धरतं.” शिवणीचे पैसे सुऱ्याएवढेच झाले. मला ते रास्त वाटले.

२३ नोव्हेंबर
पाचनईत मुक्काम, उद्या हरिश्चंद्रगड. अभयारण्य आहे, फांदीला हात लावायचा नाही. तेव्हा सुऱ्याच्या वाट्याला आले सात कांदे, एक लिंबू, मिरच्या. ज्यांच्या ओट्यावर उतरलो त्या मावशींनी तो हातात घेतला, आधी मूठ दाबून पाहिली, धारेकडे नंतर वळल्या. “खैर हाय का?” मग पिठलं हलवत म्हणाल्या, “कांदा जाड कापलाय पण.”

लिंबामुळे पात्यावर निळसर डाग पडलाय. दोनदा पुसला. तसाच आहे.