दिल्ली की कोलकाता? तीन दिवसांचा सवाल!

शुक्रवारची रजा टाकली, शनिवार-रविवार जोडला की हातात पडतात मोजून तीन दिवस. लगेच ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते दिल्ली, दुसरी म्हणते कोलकाता. आणि 'दोन्ही करून टाकू या ना यार!' म्हणणारा एक महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला आधी चहा पाजून गप्प बसवा. तीन दिवसांत दोन शहरं म्हणजे एअरपोर्टदर्शन!

तसा हा सामना जुनाच आहे. 1911 च्या दरबारात राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवायची घोषणा झाली, तेव्हापासून दोघींमध्ये तुलना सुरू आहे. आपल्याला मात्र राजधानी नाही, फक्त वीकेंड ठरवायचाय. तेव्हा भावनेत न वाहता हिशेब मांडू.

खिशाचा आणि घड्याळाचा हिशेब

मुंबईकरांसाठी पहिला पॉइंट दिल्लीलाच. गुरुवारी संध्याकाळी राजधानी एक्स्प्रेसमध्ये बसलात की शुक्रवारी सकाळी दिल्लीत. हावड्याच्या गाडीला मात्र एका दिवसाहून जास्त लागतो. म्हणजे कोलकात्याला विमानाशिवाय पर्याय नाही. बजेट टाइट असेल तर निकाल इथेच लागला.

पण विमानानेच जाणार असाल तर कॅलेंडर बघा. नोव्हेंबरात दिल्लीची हवा घसा धरते आणि डिसेंबरअखेर ते जानेवारीत सकाळच्या धुक्यात फ्लाइट्स लटकतात. 26 जानेवारीच्या लाँग वीकेंडला तर बंदोबस्त आणि बंद रस्ते. दिल्लीची खरी मजा फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोलकाता उलट डिसेंबर-जानेवारीत खुलतं. तेव्हा नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचा संदेश मिळतो. फक्त लक्षात ठेवा, तिथे थंडीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. उशिरा उठणाऱ्यांचा दिवस जेवणानंतर संपलाच म्हणून समजा!

दिल्ली : अंतर सांभाळा

दिल्ली एक शहर नाही, पाच-सात शहरांची चळत आहे. आणि ती चळत चांगलीच पसरलेली आहे. लाल किल्ल्यापासून कुतुबमिनार रस्त्याने पंधरा किलोमीटरहून जास्त. म्हणून फंडा साधा : एक दिवस, एक भाग. पहिला दिवस हुमायूनची कबर, शेजारची सुंदर नर्सरी आणि संध्याकाळी निजामुद्दीन दर्गा. गुरुवारीच पोचत असाल तर तिथली कव्वाली चुकवू नका. दुसरा दिवस लाल किल्ला, जामा मशीद, चांदनी चौक आणि करीम्सचं जेवण. 1913 पासूनचं दुकान आहे. तिसरा दिवस मेहरौली. सगळं मेट्रोने. मुलींसाठी पहिला डबा राखीव असतो, हा मोठाच दिलासा. सोमवारी लाल किल्ला बंद, शुक्रवारी ताजमहाल बंद. आणि 'जाता जाता आग्रा' हा मोह टाळा. तो तीनातला एक अख्खा दिवस खातो.

कोलकाता : पायात चांगले बूट घाला

इथे 'पॉइंट' कमी, रस्ते जास्त. हावडा ब्रिजच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फुलबाजार सकाळी सहा-सातला गाठा. झेंडूच्या माळांचे ढीग डोक्यावर घेऊन धावणारे हमाल बघितले की दादरचं फुलमार्केट आठवेल, पण मागे अख्खी हुगळी! मग काही रुपयांत लाँचने नदी ओलांडा आणि परत येताना नदीखालून धावणाऱ्या मेट्रोने या. 2024 मध्ये सुरू झालेला हा मार्ग नदीचं पात्र मिनिटभराच्या आत पार करतो. देशातली पहिली मेट्रोही याच शहराची, 1984 सालची.

शनिवार कॉलेज स्ट्रीटला द्या. रविवारी तिथली बरीच पुस्तकांची दुकानं बंद असतात. कॉफी हाउसमध्ये तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही. तिथून जोडासांकोचा टागोरांचा वाडा, मग मूर्तिकारांचं कुमारटुली. रविवार मैदान, व्हिक्टोरिया आणि पार्क स्ट्रीटचा. हातात काठी रोल असू द्या.

एक खास आपल्यासाठी. 1742 मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने इंग्रजांनी या शहराभोवती खंदक खणायला घेतला. नाव 'मराठा डिच'! मराठे काही तिथवर पोचले नाहीत. पुढे खंदक बुजवून तिथे सर्क्युलर रोड झाला. मात्र बंगाली अंगाईगीतात 'बर्गी' अजून मुलांना भिववतात. हे बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. तेव्हा टॅक्सीवाल्या दादाला 'आम्ही महाराष्ट्रातले' सांगताना जरा गोड हसा. दिल्लीत आपली गोष्ट वेगळी : 1771 मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेने शहर घेतलं आणि पुढच्या वर्षी बादशहा शाह आलम तिथे परतला.

मग जायचं कुठे?

आई-बाबा सोबत असतील, कुणी दिल्ली कधीच पाहिली नसेल किंवा तिकिटाचं बजेट हलकं असेल, तर बिनधास्त दिल्ली. मोठ्या वास्तू आणि एसी मेट्रो, सगळेच खूश.

पण तुम्ही पंचविशी-तिशीतले असाल, चालायची तयारी असेल आणि दोन्हीचं भाडं परवडत असेल, तर माझं मत कोलकात्याला. कारण सोपं आहे. दिल्ली तुम्हाला कधी ना कधी बोलावणारच. ऑफिसची मीटिंग, मित्राचं लग्न, मनालीला जाताना एक मुक्काम. त्यात अर्धा दिवस काढून हुमायूनची कबर बघता येते. कोलकाता मात्र आपल्या वाटेवर लागत नाही. तिथे मुद्दाम, रजा टाकूनच जावं लागतं. आणि वर्षाकाठी उरणाऱ्या चार रजा अशाच शहरावर खर्च कराव्यात, जिथे एरवी आपलं जाणं 'पुढच्या वर्षी नक्की' यातच अडकून राहतं.

तेव्हा बॉसला आजच मेल टाका. आणि हो, परतीच्या बॅगेत मिष्टीच्या डब्याला जागा ठेवा!