दिवा आणि वारा

दूरचित्रवाणीची निंदा करणे हा सुशिक्षितांचा एक सोपा छंद होऊन बसला आहे. तिच्याविषयी कोणी चार शब्द बरे बोलू लागला, की ऐकणारा त्याच्याकडे किंचित कीव केल्यासारखे पाहतो. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीतला कारकून. मतप्रदर्शन करण्याचा प्रसंग कचेरीत सहसा येत नाही. तेव्हा ते येथे करून घेतो. विज्ञानाचा एखादा चांगला कार्यक्रम घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहणे, यासारखे निर्मळ सुख मला तरी दुसरे फारसे ठाऊक नाही. नाटकाला शांतता लागते, गाण्याला त्याहून अधिक लागते. विज्ञानाच्या कार्यक्रमाची रीत उलटी आहे. मध्येच बोलल्यावाचून तो पाहताच येत नाही.

आमच्या घरात हे बोलणे अंमळ जास्तच होते, आणि त्याला कारण आहे. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, सारे शिक्षण कन्नडात झाले. आई सोलापूरची, मराठी सातवीपर्यंत शिकलेली. सौभाग्यवती बेळगावची असल्यामुळे दोन्ही तीरांवर सारख्याच सहजतेने वावरते. आमची कन्या शाळेत इंग्रजी बोलते आणि खाली अंगणात कन्नड. पडद्यावरचा शास्त्रज्ञ कोणत्याही भाषेत बोलो, दिवाणखान्यातल्या एकाला तरी ते दुसऱ्याने मराठीत सांगावे लागते. बहुतेक वेळा तो श्रोता म्हणजे आई. आणि आईला एकदा सांगून भागत नाही. तिला पटावे लागते.

या सांगण्याची आमच्या घराण्यातली परंपरा बरीच जुनी, म्हणजे पन्नास वर्षांची आहे. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे होते. गुलबर्गा जिल्ह्यातल्या (आता त्याला कलबुर्गी म्हणतात) एका लहानशा खेड्यातल्या शाळेत १९७५ साली दूरचित्रवाणीचा संच आला. शेजारी मोकळ्या जागेत, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फूट रुंदीची एक प्रचंड परडी आकाशाकडे तोंड करून उभी राहिली. गावकऱ्यांनी तिला पाहून काय काय तर्क केले, ते अण्णांच्या तोंडून ऐकावेत. कोणी म्हणाले पाऊस पाडण्याचे यंत्र, कोणी म्हणाले टोळांसाठी सापळा.

तो होता उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा प्रयोग. ‘साइट’ या आद्याक्षरांनी तो जगभर ओळखला गेला. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, बरोबर एक वर्ष, सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत तो चालला. कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे त्यांत होते. उपग्रह अमेरिकेच्या नासाचा, एटीएस-६ नावाचा. आफ्रिकेच्या वर ३६,००० किलोमीटर उंचीवर तो आणून ठेवला होता. जमिनीवरची सारी यंत्रणा आणि कार्यक्रम मात्र आपले. करार झाला होता १९६९ साली, विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने. ते १९७१ च्या डिसेंबरात वारले आणि प्रयोग त्यांच्या मागे राहिलेल्यांनी सिद्धीस नेला. त्यांत अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक यश पाल होते, आणि आपल्या कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीसही होते.

सकाळी शाळकरी मुलांसाठी प्रत्येक भाषेत साडेबावीस मिनिटे असत. कन्नडातल्या त्या साडेबावीस मिनिटांसाठी अण्णा घरून धावत जात. एकदा पेटत्या दिव्यावर पेला उपडा घातला की ज्योत विझते, हे त्यांनी पाहिले. संध्याकाळी घरी आजीने देवापुढे दिवा लावला, आणि अण्णांनी त्यावर पितळी पेला उपडा घातला. दिवा विझला. ऐन दिवेलागणीला देवापुढचा दिवा घालवल्याबद्दल जो प्रसाद मिळायचा तो मिळालाच, परंतु प्रसाद देऊन झाल्यावर आजीने विचारले, “हे का केलंस?” अण्णांनी कन्नडात ऐकलेले मराठीत सांगितले. पेल्यात हवा कोंडली जाते, तिच्यातले जळणाला लागणारे सरते, म्हणून दिवा जातो. दिव्याला वारा लागतो.

आजी अक्षरशत्रू होती, पण भोळी नव्हती. ती म्हणाली, “दिव्याला वारा लागतो म्हणतोस, तर मी पदराचा आडोसा करून दिवा का नेते? वारा लागला की दिवा विझतो. आणि वारा नसला तरी विझतो? दोन्ही खरं कसं?”

दहा वर्षांच्या अण्णांपाशी याला उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संचासमोर बसून उत्तराची वाट पाहिली, हे सांगताना ते अजूनही हसतात. आकाशातून आलेला आवाज सांगत असे, ऐकत नसे. पण तेव्हापासून एक झाले. आजी रोज संध्याकाळी विचारू लागली, “आज काय दाखवलं?” आणि अण्णा सकाळी पाहताना, हे घरी कसे सांगायचे, याच विचाराने पाहू लागले. मला वाटते, त्या प्रयोगाचे मोजमाप करणाऱ्या तज्ज्ञांच्या तक्त्यांत हा रकाना नसावा.

वर्ष संपले. ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला. १९७७ साली गुलबर्ग्याला जमिनीवरचे प्रक्षेपणकेंद्र झाले आणि आसपासच्या खेड्यांतले संच पुन्हा बोलू लागले. अण्णांचे गाव त्या टप्प्यापलीकडे राहिले. संच कपाटात गेला. जाळीच्या परडीवर पुढे कोणाचा तरी कारल्याचा वेल चढला.

नव्वदीच्या दशकात आम्ही गुलबर्गा शहरात राहत होतो. दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’ नावाचा विज्ञानाचा कार्यक्रम लागे. त्याचे सूत्रसंचालन गिरीश कार्नाड करीत. माथेरानला जन्मलेला, कन्नडात नाटके लिहिणारा आणि ‘उंबरठा’मुळे मराठी घरांत ओळखीचा झालेला हा माणूस आम्हांस दोन्ही बाजूंनी आपलाच वाटे. प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी यश पाल येत, आणि अण्णांचे लक्ष सगळे तिकडे. खेड्यातल्या त्या संचामागे जे होते त्यांतलेच हे एक गृहस्थ आता लोकांचे प्रश्न घेत होते! अण्णांनी एक पोस्टकार्ड आणले, त्यावर दिव्याचा आणि वाऱ्याचा प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि ते पाठविले नाही. उत्तर तोवर त्यांना ठाऊक झाले होते. ज्योतीला हवा हवीच. पण झोताचा वारा वातीवरची ऊन वाफ आणि उष्णता एकदम उडवून नेतो, मग जळायला काही उरत नाही. कोंडलेला दिवा उपाशी मरतो, वाऱ्यावरचा दिवा गारठून. ज्यांच्यासाठी हे विचारायचे, ती आजी १९८८ सालीच गेली होती. ते कार्ड अण्णांच्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात मी पाहिले आहे.

सगळेच शैक्षणिक कार्यक्रम असे असतात, असे मला म्हणावयाचे नाही. फळ्यापुढे उभे राहून कोणी तासभर व्याख्यान द्यावे आणि कॅमेऱ्याने ते निमूटपणे टिपावे, असल्या प्रकारात फळा आणि प्रेक्षक यांत फरक राहत नाही. याउलट जयंत नारळीकरांची ‘ब्रह्मांड’ ही जुनी मालिका. २० मे २०२५ रोजी ते गेले, त्यानंतर आम्ही तिचे जे भाग मिळाले ते शोधून पाहिले. मालिका हिंदी, पण बोलणाऱ्याचे मूळ कोल्हापूरचे आणि बाळपण बनारसचे, हे आईला कळल्यावर तिने विचारले, “मग यांच्या घरी मराठी राहिलं कसं?” परप्रांतात राहणाऱ्या आम्हा मंडळींना कृष्णविवराइतकाच हाही प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. त्यांनी मराठीत कथा लिहिल्या, आत्मचरित्रही लिहिले, एवढे सांगून मी तिचे समाधान केले.

पण ज्या दिवशी आमचा दिवाणखाना खरोखर रंगला तो २३ ऑगस्ट २०२३, बुधवार. चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर उतरावयाचा होता. इस्रोच्या ज्या नियंत्रणकक्षाचे चित्र साऱ्या जगाला दिसत होते, तो आमच्या बेंगळुरूतलाच, पीण्या भागातला. आमच्या राजाजीनगरातल्या घरापासून फार दूर नाही. मी कचेरीतून लवकर निघालो. चार वर्षांपूर्वी, ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर, अण्णा आणि मी दोघेच जागे होतो. २.१ किलोमीटर उंचीवर आलेखाची रेघ थबकली, आणि अण्णा पडद्याकडे पाहत कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. म्हणून या खेपेस कोणी फारसे बोलत नव्हते. निदान पहिली दोन मिनिटे.

पावणेसहाच्या सुमारास यान ३० किलोमीटर उंचीवरून खाली येऊ लागले. वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर. आईने पहिला प्रश्न टाकला: “एवढ्या जोरात येतंय, तर छत्री का नाही उघडत?” कन्या तेव्हा आठ वर्षांची. तिने आजीकडे वळून, शब्द जुळवीत जुळवीत सांगितले, “आजी, तिथे हवाच नाही. छत्री फुगणार कशी? म्हणून इंजिन उलटं पेटवून ब्रेक लावतात.” ‘गुरुत्वाकर्षण’ म्हणताना ती दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा तो शब्द तिने सर केला. लँडर या शब्दाऐवजी आईने तोवर ‘उतारू’ हा आपला शब्द रूढ करून टाकला होता.

आणि मग कन्या स्वतःच थांबली. “पण हवा नाही, तर इंजिन पेटतं कसं?”

मी अण्णांकडे पाहिले. त्यांना हल्ली ऐकू कमी येते. प्रश्न मी त्यांच्या कानाशी पुन्हा सांगितला. पडद्यावर आकडे धावत होते, यान सात किलोमीटरच्या आसपास आले होते. आणि अण्णा चक्क पडद्याकडे पाठ करून नातीला सांगू लागले. यान आपली हवा डब्यात भरून नेते. एका टाकीत इंधन आणि दुसऱ्या टाकीत जाळणारे द्रव्य. दोन द्रव एकमेकांना भेटले की काडी न लावता पेटतात. “पेल्याखालच्या दिव्याला शिदोरी नव्हती,” ते म्हणाले, “याच्याजवळ आहे.” मग पितळी पेला, आजीचा पदर, सारे ओघाने आलेच. सौभाग्यवती म्हणाली, “अण्णा, आधी ते उतरू द्या!” सहा वाजून चार मिनिटांनी ते उतरले, तेव्हा आमच्या घरातली दोन माणसे पडद्याकडे पाहत नव्हती.

पुढचे चौदा दिवस, चंद्रावरचा एक दिवस, आईने उतारूची विचारपूस सोडली नाही. ३ सप्टेंबरला त्याने इंजिने पेटवून सुमारे ४० सेंटिमीटरची बेडूकउडी मारली, तिची बातमी कन्येने तिला सविस्तर सांगितली. ४ सप्टेंबरला त्याला झोपविण्यात आले. २२ तारखेला चंद्रावर पुन्हा ऊन आल्यावर त्याला हाका मारण्यात आल्या. उत्तर आले नाही.

हल्ली कन्या विज्ञानाचे कार्यक्रम पुष्कळदा कानांत बोंडे घालून एकटीच पाहते. ती पाहते, शिकते. तक्रारीला जागा नाही. पण त्या दिवाणखान्यात मग काहीच ऐकू येत नाही, आणि आई तिच्या तोंडाकडे पाहत बसते. तेव्हा मात्र कन्येला कानांत काही घालण्याची सोय नव्हती, कारण आई रोज सकाळी विचारी, “उठला का गं तो?”

“नाही आजी. तिथे रात्री फार थंडी असते. शून्याच्या खाली शंभराहून जास्त. त्याच्या बॅटरीला सोसली नसेल.”

“मग पांघरूण द्यायला हवं होतं.”

मला हसू आले. कन्येला आले नाही. ती थोडा वेळ विचार करीत उभी राहिली आणि म्हणाली, “काही यानांना देतात, आजी. आत एक छोटी शेगडी असते, आपोआप ऊन राहणारी. याला नव्हती दिली.” आणि ती शेगडी कशावर चालते हे विचारायला ती अण्णांच्या खोलीकडे गेली.