चाळीस वर्षांनंतरचं ‘सध्या काय करता?’



आमच्या बॅचची एक पुस्तिका दर काही वर्षांनी निघते. प्रत्येकाने स्वतःबद्दल शंभर शब्द लिहून पाठवायचे, असा नियम. मी 1983 साली मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटमधून व्यवस्थापनाची पदवी घेतली, हे वाचून तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. कारण इथे मी लिहिते ते पापड, चातुर्मास आणि पाहुण्यांवर. पण ती पुस्तिकाही घरातल्या कपाटातच असते, म्हणून आज तिच्याबद्दल.

पहिल्या पुस्तिकेत सगळ्यांनी हुद्दा, कंपनी आणि शहर लिहिलं होतं. दुसरीत पगार कोणी लिहिला नव्हता, पण घराचा पत्ता लिहिला होता, त्यावरून काय ते कळत होतं. पंचविसाव्या वर्षी सगळे मुलांबद्दल लिहीत होते, कोण अमेरिकेत, कोण सिंगापूरला. आणि 2023 सालच्या चाळिसाव्या पुस्तिकेत गुडघे, स्टेंट, नातवंडं आणि गच्चीवरची बाग. एकेकाळी तिमाही आकड्यांशिवाय न बोलणारा एक जण आता रोज नातीच्या वेण्या घालतो आणि तेवढंच लिहितो. शेवटची चार पानं ‘आपल्यातून गेलेले’ अशी.

हे सगळीकडे असंच होत असावं. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन तिथल्याच 1979 च्या वर्गातले. त्यांनी 2010 साली एका लेखात आपल्या वर्गाच्या मेळाव्यांबद्दल लिहिलं. हुशार, धडपडी माणसं. पण वर्षं गेली तसे त्यातले बरेच जण दुःखी, घटस्फोटित, मुलांपासून दुरावलेले दिसू लागले. एन्रॉनचे जेफ स्किलिंग त्याच वर्गातले; ते तर तुरुंगात गेले. आमच्या कोकणात दाभोळला एन्रॉनने काय केलं ते आपल्याला ठाऊकच आहे. ख्रिस्टेन्सन यांचं म्हणणं साधं होतं. यातल्या कोणीही असं जगायचं ठरवलं नव्हतं. हाताशी वेळ असला की तो जिथे लगेच फळ दिसतं तिथे घातला, आणि घरात फळ दिसायला वीस वर्षं लागतात. हे लिहिलं तेव्हा ते स्वतः कर्करोगातून जात होते. 2020 साली ते गेले.

त्याच हार्वर्डमध्ये दोन वर्षांच्या एमबीएला मुलींना प्रवेश मिळाला तो 1963 साली, आठ जणींना. पन्नास वर्षं झाल्यावर त्यांनी पंचवीस हजारांहून जास्त माजी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. शिकलेल्या बायका मुलांसाठी नोकरी सोडतात अशी सर्वांची समजूत, पण पूर्ण वेळ मुलांसाठी घरी असलेल्या निघाल्या शेकडा 11. मी त्या अकरांच्या बाजूची. बँकेत सात वर्षं काढली, मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि आम्ही सांगलीला आलो. तेव्हा बॅचमधल्या एकाने फोनवर सांगितलं, “एक सीट वाया घालवलीस तू.” पुढच्या दोन पुस्तिकांना मी काही पाठवलंच नाही.

यंदा मात्र मला लिहावं लागलं. माझ्यासाठी नव्हे, त्या शेवटच्या चार पानांसाठी.

माझी मैत्रीण लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी. जमनालाल बजाज ही 1965 साली सुरू झालेली मुंबई विद्यापीठाची संस्था. फी आवाक्यातली, म्हणून सांगलीच्या व्यापाऱ्याची मुलगी आणि लालबागच्या चाळीतली मुलगी एका बाकावर बसू शकल्या. आमचं पहिलं वर्ष चालू असताना, 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. माणसं थकली आणि गिरण्या मिटत गेल्या. तिचे वडील परत कामावर गेले नाहीत.

वर्गात आम्ही औद्योगिक संबंध शिकत होतो. प्राध्यापक संपाचं उदाहरण देत, आणि ती मान खाली घालून टिपणं काढत असे.

गेल्या वर्षी ती गेली. पुस्तिकेसाठी तिच्या कंपनीकडून मजकूर आला होता: कोणत्या साली कोणतं पद, किती कारखान्यांची जबाबदारी, कोणते पुरस्कार. सगळं खरं. पण तिच्या मुलीने मला फोन केला. “मावशी, हे सगळं आम्हाला माहीत आहे. आई तुमच्याएवढी होती तेव्हा कशी होती, ते लिहा ना. आजोबांच्या त्या दिवसांबद्दल ती कधी बोललीच नाही.”

मी तीन दिवस लिहू शकले नाही. जे आठवत होतं ते तिने चाळीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. ते मी सांगावं का?

आठवत होतं ते असं. मी मामांकडे गिरगावात राहायची. मामी डब्यात चार चपात्या, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी देत. संपाला दोन-तीन महिने झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ही आपल्या डब्यातलं अर्धंच खाते आणि उरलेलं झाकून पिशवीत ठेवते. धाकटे दोन भाऊ होते घरी. मी मामींना फक्त एवढंच म्हटलं, “मला हल्ली भूक जास्त लागते.” मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात आठ चपात्या आल्या. त्यांनी कधी विचारलं नाही. मैत्रिणीनेही विचारलं नाही. ती माझ्या डब्यातून जेवायची आणि तिचा डबा न उघडता करी रोडला घरी जायचा. वर्ष-दीड वर्ष हे चाललं.

पुढे ती पर्सोनेल खात्यात गेली आणि पार वरच्या पदापर्यंत पोचली. मी नोकरी सोडली तेव्हा सांगलीला आली ती एकटीच. सासूबाईंना भरवायला माझ्या हातातून वाटी घेतली आणि म्हणाली, “सीट वाया गेली म्हणणाऱ्यांना डब्यातलं काय कळतं?” त्या डब्याबद्दल आमच्यात झालेलं तेवढं एकच बोलणं.

शेवटी मी मुलीलाच फोन करून सगळं सांगितलं आणि विचारलं, छापू का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “कारखाना बंद होणार असला की आई कामगारांच्या घरी जायची. आम्ही चिडायचो, रविवारीसुद्धा जायची. म्हणायची, डबा काय येतो ते बघून येते. आम्हाला वाटायचं, काहीतरी बोलायची पद्धत आहे.”

छापा म्हणाली ती. शंभर शब्दांत बसवायला मी सगळे हुद्दे काढून टाकले. मामी आता नव्वदीच्या आहेत. त्यांना वाचून दाखवलं, तर त्यांनी एवढंच विचारलं की त्या धाकट्या भावांचं पुढे काय झालं. एक एसटीत लागला, दुसऱ्याचं ठाण्यात दुकान आहे, असं मी सांगितलं.

या वेळी माझ्या नावापुढेही तीन ओळी पाठवल्या. सांगलीत असते, सासूबाईंची सहा वर्षं सेवा केली, जेवायला या, फक्त सूर्यास्ताआधी या. बॅचमधले चौघे आतापर्यंत येऊन गेले.