पायावरची रेघ

नेब्रास्कात सँडहिल्सच्या कडेला आमचं गाव आहे. माझे यजमान मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यात आहेत, म्हणून आम्ही इथे. एक शाळा, दोन चर्च, धान्याचं उंच कोठार आणि मुख्य रस्त्यावर एक बैठा दवाखाना, एवढंच गाव. डॉक्टर ठरलेल्या दिवशी दुसऱ्या गावाहून येतात. रोज असते ती फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए. माझे सासरे अण्णा आणि सासूबाई धाकट्याच्या जन्मासाठी इथे आले, तेव्हा एडिसनहून नणंदेचा फोन आला, ‘अगं वहिनी, डॉक्टर नाही म्हणजे काय? अण्णांची शुगर माहितीये ना तुला?’

तिची काळजी खरी होती. अण्णांचा मधुमेह जुना. त्यात इथला हिवाळा. इकडच्या घरांत जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येते. अण्णा त्या जाळीवर पाय ठेवून पुस्तक वाचत बसायचे. पाय भाजला तरी त्यांना कळलं नाही. सासूबाई मोजे धुवायला घेत होत्या, तेव्हा त्यांना डाग दिसला.

दवाखान्यात फिजिशियन असिस्टंटने अण्णांना खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बुटक्या स्टुलावर बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. अण्णांनी चटकन मागे ओढला. परक्या बाईने आपल्या पायाला हात लावावा हे त्यांना सोसेना. ‘सांग तिला, राहू दे म्हणावं.’ मी सांगितलं. ‘पाय बघितल्याशिवाय मला काहीच करता येणार नाही,’ असं हळू आवाजात म्हणून तिने तो पुन्हा घेतला. जखम अंगठ्याखाली होती, फोड फुटलेला. ती धुऊन झाल्यावर तिने एक बारीक नायलॉनचा तंतू काढला. अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि जिथे स्पर्श कळेल तिथे ‘हो’ म्हणायला. बोटांपासून टाचेपर्यंत, दोन्ही तळव्यांवर तिने कितीतरी ठिकाणी तो तंतू टेकवला. अण्णा गप्प. शेवटी त्यांनीच विचारलं, ‘सुरू कधी करणार?’

मी ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ती क्षणभर थांबली. मग खिशातून पेन काढून जखमेभोवती जिथवर लाली होती तिथे तिने कडेकडेने रेघ ओढली आणि बाजूला वेळ लिहिली. ‘लाली या रेघेच्या बाहेर गेली तर मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.’ कागदावर नंबर लिहून दिला, तो तिच्या घरचा होता. अण्णांनी भारतातून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या तिने एकेक उलटी करून पाहिल्या. ब्रँडची नावं तिला कुठून ठाऊक असणार? मागच्या चंदेरी कागदावरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर सरकवून वाचली आणि प्रत्येक गोळीतलं औषध नि मात्रा लिहून घेतली. डॉक्टरांना फोन लावून आमच्यासमोरच सगळं वाचून दाखवलं.

रात्री मी फोन करायच्या आधी तिचाच आला. मी मोजा काढून पाहिलं, तर लाली बोटभर पुढे गेली होती. ‘मग आता हे माझ्या हातातलं नाही, त्यांना आत्ता हलवायचं,’ ती म्हणाली. तिने हॉस्पिटलला कळवलं. बर्फ पडत होतं, तरी आम्ही पोचलो तेव्हा तिथे अण्णांची माहिती, औषधांची यादी, सगळं तयार होतं आणि शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. अंगठा वाचला.

‘हे माझ्या हातातलं नाही’ हे तिचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. कुठे थांबायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि थांबल्यावरही तिने हात झटकले नाहीत. अशा माणसाला कुणी ‘अर्धा डॉक्टर’ म्हटलं की मला राग येतो.

पुढे ड्रेसिंगसाठी आम्ही जात राहिलो. अण्णा हाडाचे शिक्षक. तू हे कुठे शिकलीस, किती वर्षं, हे विचारल्याशिवाय ते कसले राहतात! तिने आपल्या पेशाची गोष्टच सांगितली, ती अशी. नॉर्थ कॅरोलिनातल्या गार्लंड नावाच्या छोट्या गावी डॉ. एमॉस जॉन्सन होते. त्यांनी बडी ट्रेडवेल या आपल्या मदतनिसाला हाताखाली इतकं तयार केलं होतं की, डॉक्टर गावाला गेले तरी दवाखाना अडत नसे. ड्यूक विद्यापीठातल्या डॉ. यूजीन स्टेड यांच्यासमोर हे उदाहरण होतं. त्यांनी १९६५ मध्ये नौदलात रुग्णसेवा केलेले चार जण घेऊन फिजिशियन असिस्टंटचा वर्ग सुरू केला. १९६७ मध्ये त्यातले तिघे शिकून बाहेर पडले. खेड्यांपुढे मात्र पैशाची अडचण होती. ती १९७७ च्या ग्रामीण दवाखान्यांच्या कायद्याने सुटली. डॉक्टर समोर नसतानाही पीएंनी केलेल्या उपचाराचे पैसे मेडिकेअर या सरकारी विम्याकडून मिळू लागले. तो कायदा नसता तर आमच्या गावातला दवाखाना कधीच बंद पडला असता, असं ती म्हणाली.

अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांची निम्मी नोकरी जामखेड तालुक्यात झालेली. आरोळे डॉक्टर नवरा-बायकोने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या बाळंतपणं कशी करायच्या, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायच्या, हे अण्णा सांगत होते आणि मी भाषांतर करत होते. ती पट्टी गुंडाळायची थांबली होती. मग तिने मला कोरा कागद दिला. पायांची निगा कशी राखायची ते ती सांगत गेली आणि मी मराठीत लिहीत गेले: रोज आरसा खाली धरून तळवे बघा, अनवाणी फिरू नका, पाणी आधी हाताच्या कोपराने पाहा. तो कागद अण्णांच्या खोलीत लागला. पाडव्याच्या सुमारास जखम भरली.

तिला काय द्यावं ते मला सुचेना. केलेल्या पुरणपोळ्या तिने दवाखान्यातल्या सगळ्यांना वाटल्या. पुढे काही वर्षांनी ती निवृत्त व्हायला निघाली, तेव्हा स्वतःच म्हणाली, ‘तुला माझ्यासाठी काही करायचंच असेल तर नवी पीए शोधणाऱ्या समितीत बस.’

तशी मी बसले. माणूस मिळणं किती अवघड आहे ते तिथे कळलं. शिकायचा खर्च मोठा, डोक्यावर कर्ज. खेड्यात सेवा दिली तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही सरकारी योजना त्यातला भाग फेडते, पण पुष्कळजण मुदत संपली की निघून जातात. घर मिळत नाही. नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी नसते. एक उमेदवार गाव बघायला आला आणि जेवायच्या आधीच परतला. त्याला दोष कसा द्यायचा?

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. मी तिला गाडीतून गावभर फिरवलं आणि हातचं काही राखलं नाही. बर्फात रस्ते बंद होतात, दुकानातसुद्धा लोक दुखणी सांगतात, सुट्टीतही फोन वाजतो, सगळं सांगितलं. घराचं, पगाराचं ती नंतर बोलली. पहिला प्रश्न होता, ‘रात्री मला काही अडलं तर मी कुणाला फोन करायचा?’ समितीत मी तिच्यासाठी जोर धरला आणि सगळ्यांना ती पटली. तिचा नवरा वेल्डर आहे. कारखान्यात त्याच्यासाठी काही आहे का, ते यजमानांनी विचारलंय. उद्यापर्यंत उत्तर येईल.