चित्र आहे, आवाज नाही

आपल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात शादीच्या अल्बमशेजारी एक-दोन डीव्हीडी पडून असतात. आमच्याकडे २००७ सालची, धाकट्या बहिणीच्या निकाहची आहे. रुखसतीच्या वेळी दादीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली, ती तिच्यात आहे. दादी आता मरहूम आहेत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. त्यांना न पाहिलेल्या भाचीनं हौसेनं डीव्हीडीतली फाइल फोनमध्ये घेतली, तर चित्र चाललं, दादीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. घरातले म्हणाले, "डीव्हीडी खराब झाली. आता काय उपयोग!"

डीव्हीडी खराब झालेली नव्हती. आम्ही तीच फाइल संगणकावर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावली आणि आवाज स्वच्छ ऐकू आला. म्हणजे आवाज फाइलमध्ये होता, फोनच्या प्लेअरला तो वाचता येत नव्हता.

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून वर्गातलाच दाखला देतो. उर्दू पुस्तकाला मराठी कव्हर घातलं म्हणून आतली लिपी बदलत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी येणारं एमपी४, एव्हीआय, व्हीओबी हे कव्हर. आतलं चित्र आणि आवाज ज्या पद्धतीनं दाबून लहान केलेले असतात, ती लिपी. तिला कोडेक म्हणतात. चित्राची लिपी वेगळी, आवाजाची वेगळी. म्हणून एक वाचता येते, दुसरी येत नाही. नुसतं नाव बदलून व्हीओबीचं एमपी४ केलं, तरी आत काहीच बदलत नाही.

व्हीएलसीमध्ये फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबली की आतले कोडेक दिसतात. आमच्या फाइलमध्ये चित्र एमपीईजी-२ आणि आवाज एसी-३ निघाला. डीव्हीडीवर ही जोडी नेहमीची, पण अनेक फोनच्या प्लेअरमध्ये एसी-३ची सोय नसते.

उपाय सोपा आहे. डीव्हीडीतलं व्हिडिओ_टीएस हे फोल्डर अख्खं संगणकावर उतरवावं. त्यात एकच कार्यक्रम साधारण एकेक जीबीच्या तुकड्यांत असतो, म्हणून एक तुकडा न घेता पूर्ण फोल्डर हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडावं. कव्हर एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी निवडावा. गुणवत्तेचा आकडा २०च्या आसपास ठेवावा. तो जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. हलत्या माणसाच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करावं. आधी एकच मिनिट बदलून ते फोनवर पाहावं, मग पूर्ण फाइलला हात घालावा. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. ते ओढून मोठं केल्यानं चेहरा जास्त स्पष्ट होत नाही.

याच्या उलटही घडतं. नव्या फोनवर काढलेला व्हिडिओ जुन्या संगणकावर आवाज देतो, चित्र काळं राहतं. तिथं बहुधा एच.२६५ हा नवा कोडेक असतो. व्हीएलसीत चालतो का ते आधी पाहावं. "कोडेक नाही, इथून डाउनलोड करा" अशा अनोळखी खिडक्यांवर मात्र बोट ठेवू नये. त्यातून व्हायरस येतो.

इंटरनेटवर फाइल चढवली की बदलून देणाऱ्या मोफत साइट आहेत. तिथं घरच्या शादीची फाइल टाकू नये. त्या व्हिडिओत खवातीनची महफिल असते. आपल्या बहिणी, भावजया, मोहल्ल्यातल्या मुली घरचं माणूस समजून मोकळेपणानं बसलेल्या असतात. ती फाइल आपल्याकडे त्यांची अमानत आहे. घरच्या संगणकावर अर्धा-पाऊण तास जास्त लागला तरी चालेल, ती परक्याच्या हाती जाऊ नये. म्हणून आम्ही दादीच्या दुआचा भाग तेवढा वेगळा काढला, बहिणीला विचारलं आणि मगच तो खानदानात पाठवला. पूर्ण व्हिडिओ घरातच ठेवला.

शेवटची गोष्ट मूळ प्रतीची. दर वेळी कोडेक बदलताना चित्राचा थोडा तपशील गळतो, म्हणून नवी फाइल तयार झाली तरी डीव्हीडी आणि तिची जशीच्या तशी उतरवलेली प्रत पुसू नये. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. डीव्हीडीला धूळ असेल तर मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नाही. ज्या घरांत बुजुर्गांचा आवाज अशा एखाद्या डीव्हीडीवर आहे, त्यांनी हे काम येत्या सुट्टीतच करून घ्यावं. डीव्हीडी ड्राइव्ह असलेले संगणक दिवसेंदिवस कमी होत आहेत. अल्लाह तआला आपल्या मरहूमांची मगफिरत फरमावो.