बोल्टाला तेल पिऊ दे

रेवदंड्याच्या किल्ल्यात, सातखणी मनोऱ्याच्या पायथ्याशी जुन्या तोफा पडून आहेत. पोर्तुगीज १७४०मध्ये इथून गेले, तोफा मात्र राहिल्या. समुद्राचं वारं खात त्या अजून टिकून आहेत, कारण त्या जाडजूड आहेत. वरचे पापुद्रे गळले तरी आत लोखंड भरपूर उरतं. मोटारीच्या पोटाखालच्या बोल्टाचं तसं नाही. बोटाएवढी त्याची दांडी, ती नेमक्या मापाच्या नळीत बसवलेली. मधल्या केसभर फटीत गंज धरला की दांडी आणि नळी एकजीव होतात.

किल्ल्यापासून पाच मिनिटांवर, नारळी-पोफळीच्या एका वाडीत २००८ सालची मारुती ८०० उभी असते. एमएच-०६ची पाटी, पंधरा वर्षं भरल्यावर पाच हजार रुपये शुल्क भरून पुढच्या पाच वर्षांसाठी केलेली पुनर्नोंदणी. हे मॉडेल जानेवारी २०१४मध्ये बंद झालं, पण त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात. मालक पेशाने मेकॅनिक नाही. गाडीखालची कामं मात्र तो स्वतःच करतो. चौलकडे जाताना गतिरोधकावर डाव्या पुढच्या चाकातून ‘खट्ट’ असा आवाज येऊ लागला, तेव्हा त्याने ओळखलं: चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा बुश गेला.

बुश म्हणजे रबरी गोळा, त्याच्या मधोमध लोखंडी नळी आणि नळीतून आरपार गेलेला बोल्ट. वस्तू स्वस्त आहे. काम कागदावर तासाभराचं आहे. पण या बोल्टाला हात लागून कित्येक पावसाळे लोटले होते.

दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, हे शाळेत सगळेच शिकतात. त्या खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म थेंब येतात आणि मडगार्डच्या आत, बोल्टाच्या डोक्यामागे, पाण्याची धार पोचत नाही अशा कोपऱ्यांत बसतात. पुढची गोष्ट शाळेत सांगत नाहीत. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की जेवणातलं मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला ३३ टक्के आर्द्रताही पुरते. म्हणजे पाऊस नसला, गाडी उभीच असली, तरी इथल्या बोल्टावर मिठाच्या पाण्याचा पातळ थर जवळजवळ कायम असतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. नळीत ती जागा नसते. मग गंज पाचरीसारखा ठोकून बसतो.

पहिल्या दिवशी मालकाने फक्त तयारी केली. वाडीतली जमीन रेताड, जॅक तिरका होत खाली रुततो, म्हणून आधी जाड फळी, तिच्यावर जॅक, आणि गाडी उचलल्यावर दुसऱ्या फळीवर लोखंडी घोडी. मागच्या चाकांना दगडांची अटकण. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हा नियम त्याने कधी मोडलेला नाही. मग तारेच्या ब्रशने नट आणि आटे चकचकीत होईपर्यंत घासले. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच जण ते टाळतात. पण मातीने भरलेल्या आट्यांवर तेल ओतलं तर ते मातीच पिते, बोल्टापर्यंत पोचतच नाही.

तेलाबद्दल मतं अनेक आहेत. डब्ल्यूडी-४०चा निळा-पिवळा डबा घरोघरी असतो. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने १९५३मध्ये चाळिसाव्या प्रयत्नात तो जमवला, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला पाण्यापासून वाचवण्यासाठी. पाणी हटवणं हे त्याचं मुख्य काम. बारीक फटीत मुरण्यासाठी त्याहून पातळ, खास त्याच कामाची तेलं मिळतात. ती नसतील तेव्हा डिझेल चालतं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे शेजारचे काका तर डिझेलच वापरतात. मालक पहिल्या संध्याकाळीच पान्याला पाईप लावायला निघाला, तेव्हा त्यांनी कुंपणापलीकडून आवाज दिला, “जोर लावू नको रे, पिऊ दे त्याला. आज पाज, उद्या पाज, परवा बघ.”

काकांच्या सांगण्यामागे साधं गणित आहे. तीस सेंटीमीटरच्या पान्यावर पन्नास किलोचा जोर दिला तर पीळ होतो पंधरा किलो-मीटर. त्यालाच पाईप जोडून लांबी नव्वद सेंटीमीटर केली की तोच माणूस पंचेचाळीसचा पीळ देतो. बारा मिलिमीटर जाडीचा, ८.८ दर्जाचा बोल्ट साधारण आठ-नऊ किलो-मीटरवर आवळायचा असतो. पाईप बोल्टाला सोडवत नाही, तोडतो. तुटलेला तुकडा आत राहिला की तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल पाजलं. प्रत्येक वेळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने आठ-दहा नेमके, सरळ ठोके. ठोक्याच्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. चौथ्या दिवशी पान्याला सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावली. बारा कोनांची गोटी डोक्याच्या कडा खाते, डोकं एकदा गोल झालं की पकडायला काही उरत नाही. आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब, मग सोडायच्या. ‘कट्ट’ असा कोरडा आवाज झाला आणि नट सुटला. गाडीखाली झोपून ऐकलेला हा आवाज फार गोड असतो.

खरं दुखणं मात्र नटात नव्हतंच. बोल्टाला पाना लावून फिरवला तर तो अर्धा इंच फिरायचा आणि हात सैल करताच परत जागेवर यायचा. नवखा माणूस इथे फसतो. त्याला वाटतं बोल्ट हलतोय. प्रत्यक्षात दांडी आतल्या नळीला चिकटलेली असते, नळी रबराला, आणि आपण नुसतं रबर पिळत असतो. अशा वेळी आणखी पीळ देण्यात अर्थ नाही.

उरतात दोन वाटा, आच किंवा करवत. आच देणं मेकॅनिकांच्या आवडीचं. तीनशे अंश तापमान वाढलं की बारा मिलिमीटरच्या नळीचं भोक जेमतेम ०.०४ मिलिमीटर रुंदावतं, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुष्कळ होतं. सुटा नट तापवून त्यावर मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं, ही जुनी आणि खरी युक्ती. पण इथे भोवती रबर, वर ब्रेकचा पाईप, शेजारी शॉकअप, आणि वाडीत पावलोपावली वाळल्या झावळ्या. बंद शॉकअपला ज्योत दाखवणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. शिवाय ८.८ दर्जाचा बोल्ट ४२५ अंशांच्या वर तापला की त्याचा कणखरपणा जाऊ लागतो; तो पुन्हा वापरायचा नसतो. मालकाने आच नाकारली. घरच्या अंगणात हाच निर्णय बरोबर आहे.

मग हॅक्सॉचं नवं पातं, इंचाला चोवीस दातांचं. बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत ते घालून बोल्ट एका बाजूने कापला, मग दुसऱ्या बाजूने. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. प्रत्येक काप पाऊण तासाचा, मध्ये दोनदा चहा. दुसरा काप पुरा झाला तसा आर्म खाली आला, त्याच्या पोटात बोल्टाचा मधला तुकडा तसाच अडकलेला. तो बुशासकट प्रेसवर काढून घेतला. दांडी कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते, ते कापलेल्या तोंडावर बघूनही सांगता येत नव्हतं.

उजव्या बाजूचा बोल्ट त्याच दुपारी वीस मिनिटांत, साध्या रिंग पान्याने निघाला. तीन वर्षांपूर्वी तो बसवताना मालकाने दांडीला ग्रीस फासलं होतं. तीच हवा, तोच पाऊस, तेच मीठ. डावीकडे त्याआधी एका गॅरेजने बोल्ट कोरडाच ठोकून बसवला होता, आणि त्या पाच मिनिटांच्या घाईची भरपाई करायला चार दिवस गेले.

आता दोन्हीकडे नवे, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट आहेत आणि नवे नट. दांडीवर ग्रीस आहे, आट्यांवर नाही. आटे निसरडे झाले की तेवढ्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो. मडगार्डच्या आत महिना आणि साल रंगाने लिहून ठेवलं आहे.

किनाऱ्यावर जुनी गाडी वापरणाऱ्यांना एक विनंती. दरवर्षी पावसाळा सरला की खालचे बोल्ट एकेक करून ढिले करा, ग्रीस लावा, पुन्हा आवळा. आणि बुशाच्या बोल्टाचा शेवटचा आवळ गाडी चारी चाकांवर टेकवल्यावरच द्या. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं, आणि नवा बुश काही महिन्यांतच फाटतो.