छातीतला शिपाई

बँकेतल्या कारकुनाला हृदय असतं, यावर खातेदारांचा सहसा विश्वास नसतो. माझ्यापाशी मात्र त्याचा छापील पुरावा आहे. पाकिटात पॅनकार्डाच्या शेजारी एक कार्ड आहे. त्यावर यंत्राचा मॉडेल नंबर, अनुक्रमांक आणि बसवल्याची तारीख, सगळं रीतसर आहे. गोल शिक्का तेवढा नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मला ते जरा संशयास्पदच वाटलं होतं.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी माझी नाडी मिनिटाला ३४ वर आली. "ऑफिसातला तुझा वेग तोच आहे की!" असं आमचे जोशी म्हणाले, पण डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं, प्रकरण साधं नाही.

"पंप ठणठणीत आहे," ते म्हणाले, "फक्त वायरिंग गेलंय."

मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला कुठलीही गोष्ट शाखेच्या हिशेबानंच कळते. तर हृदय म्हणजे दुमजली शाखा समजा. वरच्या मजल्यावर साहेब. काम किती वेगानं करायचं याची चिठ्ठी तिथून निघते. खालच्या मजल्यावर काउंटर. अंगभर रक्त वाटायचं खरं काम तिथलं. आणि मधल्या जिन्यावर चिठ्ठ्या पोचवणारा शिपाई. माझा शिपाई जिन्यातच बसला होता. वर साहेब ओरडताहेत आणि खाली काउंटर आपल्या मर्जीनं, मिनिटाला चौतीस! पेसमेकर म्हणजे बदलीवर आलेला नवा शिपाई.

हा शिपाई डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत राहतो. वजन तीसेक ग्रॅम. "म्हणजे अडीच तोळे!" सौ. म्हणाली, "आणि अंगावर दिसत पण नाही!" त्याची बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते. ती चार्ज होत नाही. मुदत संपली की डबीच बदलायची. मुदत ठेवीचं नूतनीकरण, दुसरं काय?

मग समाचाराला येणाऱ्यांची रांग लागली. मोबाइल डाव्या खिशात ठेवू नका, इंडक्शनच्या शेगडीला चिकटून उभे राहू नका, ही पथ्यं डॉक्टरांनीही सांगितली होती. दुसरं तर मी फारच मनापासून पाळतो. पण एका मुद्द्यावर सगळ्या पाहुण्यांचं एकमत झालं. सायकल विकून टाका! वीस वर्षं मी कोथरूडहून बँकेत सायकलनं जातोय, रविवारी साठ-सत्तर किलोमीटर मारून येतोय. चार दिवसांत सायकलीला दोन गिऱ्हाइकं आली. एकानं तर समाचाराला येतानाच हवा भरायचा पंप आणला होता.

सौ. काही बोलली नाही. पण मला रात्री मध्येच जाग यायची, तेव्हा तिची दोन बोटं माझ्या मनगटावर असायची. अंधारात ती ओठातल्या ओठात आकडे मोजत असायची. साठाच्या आसपास आली की पुन्हा कूस बदलून झोपायची.

तिला घेऊनच मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. तारा नीट रुजू देत. मग एक तपासणी करू, आणि मग सायकल चालवायची. चालवली तर चालेल असं नाही म्हणत मी, चालवायचीच!" आणि त्यांनी आर्ने लार्सनची गोष्ट सांगितली. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो या लार्सनला. वय ४३, म्हणजे माझ्याच बरोबरीचा. त्याच्या बायकोनं शल्यविशारद सेनिंग आणि इंजिनिअर एल्मक्विस्ट यांच्यामागं टुमणं लावलं, म्हणून तर ते यंत्र झालं. पहिलं काही तासांतच बंद पडलं. पुढं आयुष्यात त्याला वीसहून अधिक यंत्रं लागली. पण तो जगला २००१ पर्यंत, ८६ वर्षांचा होऊन. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघंही त्याच्याआधी गेले. सौ.नं या गोष्टीतली फक्त बायको लक्षात ठेवली.

सायकल सुरू झाली. पाठीवरच्या पिशवीचा पट्टा यंत्रावर घासतो, म्हणून ती कॅरिअरवर गेली. सपाटीवर सगळं झकास. पण कात्रजच्या जुन्या घाटात, बोगदा दिसायला लागला की पायांतली वीज एकदम जायची. दम नाही, दुखणं नाही; नुसते पाय संपावर. डॉक्टरांनी छातीवर यंत्राचा माउससारखा तुकडा ठेवला आणि शिपायाची सगळी रोजवही पडद्यावर काढली.

"मर्यादा १२० ची आहे," ते म्हणाले. चढावर साहेब मिनिटाला १४० चिठ्ठ्या पाठवतात. मर्यादा ओलांडली की शिपाई आधी एखादी गाळतो, फारच झाल्या की एकाआड एकच खाली नेतो. एकशे चाळीसचे एकदम सत्तर! लिमिट संपलं की चेक परत करायचा, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. ते आता माझ्याच छातीत चाललं होतं. डॉक्टरांनी मर्यादा १५० केली, दोन चिठ्ठ्यांमधला थांबा कमी केला. आमच्या हेड ऑफिसात याला तीन महिने लागतात. इथं सात मिनिटांत झालं.

आमचे नाना माझ्यापेक्षा दुर्दैवी. त्यांच्याकडे शिपाई शाबूत, पण साहेबच पेंगतात. त्यामुळे त्यांचं यंत्र अंगाच्या हालचालीवरून वेग ठरवतं. सायकलवर छाती स्थिर, म्हणून चढावर यंत्राला वाटतं, नाना खुर्चीत बसलेत. आणि खड्ड्यांतून गेले की वाटतं, नाना पळताहेत. पुण्यात राहत असल्यामुळे त्यांची सरासरी चांगली राहते.

गेल्या हिवाळ्यात, डॉक्टरांची लेखी संमती घेऊन, मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला नाव दिलं. साडेतेरा तासांत पुरं करायचं. शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर नाही. मी तेरा तास दहा मिनिटांत पोचलो. वीस मिनिटं शिल्लक, म्हणजे खातं जमेला.

सौ. उभी होती. हार नाही, अभिनंदन नाही. तिनं सरळ मनगट धरलं आणि घड्याळ बघत मोजायला लागली.

"एकशे आठ," ती म्हणाली. "हे त्या मशीनचे, का तुमचे?"

"माझेच गं," मी म्हटलं. "तो नुसता पोचवतो."

तिनं मान हलवली, आणि त्या दिवसापासून ती रात्री मोजत नाही. झोपेत हात मात्र तिथंच असतो.